मोजे उलटे करून

शुक्रवारचा म्हापसा.
मयड्याची केळी, मातीच्या बुडकुल्या, चवरिसांच्या माळा
सगळं ओलांडून मी इनास फुर्तादच्या दुकानात.
दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा.
बनियन, रुमाल, शाळेचे पट्टे,
आणि वर दोरीला मोजे,
माणसं आत्ताच त्यांतून निघून गेल्यासारखे.

"भुरग्याक गी घोवाक?"
"माझ्यासाठी."
त्याने चष्मा कपाळावर सरकवला
आणि माझ्या चपलांकडे पाहिलं.

बावीस वर्षं डिचोलीत पिग्मी गोळा केली मी.
बोर्ड्यापासून व्हाळशीपर्यंत, दारोदार,
दहा रुपये, वीस रुपये, "आज नाही गे, फाल्यां ये".
चपलेचा अंगठा नऊ वेळा शिवून घेतला.
पावलाचं माप कधी घेतलं नव्हतं.

नंबर? ठाऊक नाही.
मग त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं,
सुताराची पेन्सिल माझ्या पायाभोवती फिरवली,
गुदगुल्या झाल्या, मी हसू दाबलं.
अंगठ्यापाशी बाहेर आलेलं हाड
त्याने चुकवलं नाही, वळसा घालून घेतलं.

मी बोट दाखवलं पांढऱ्या, सुती मोज्यांकडे.
शाळेत तसेच होते एक जोडी,
इलास्टिक गेलेलं, वरून रबर बांधलेले.
खाणीचे ट्रक जायचे, दुपारपर्यंत मोजे तांबडे,
आणि रबराचा वळ रात्री झोपेतही खाजायचा.

"सुती घाम पिता," इनास म्हणाला, "आनी सोडिना."
ओला राहतो, घासतो, मग फोड.
घेतलेलं परत न देणारी अशी कर्जखाती
मला पतपेढीत ढिगाने भेटलेली.
मग त्याने काढले राखाडी, पातळ, लोकरीचे.
लोकर? म्हापशात? एप्रिलमध्ये?
"मेंढरू उन्हांत चलना?"

आणि मोजा उलटा केला.
बाहेरून सगळेच देखणे, म्हणाला, आत बघ.
बोटांपाशी शिवण अंगठ्याने चाचपायची,
गाठ लागली तर तो मोजा ठेवून द्यायचा,
दहा मैलांवर ती गाठ खडा होते.
टाच उजेडाला धरायची:
पलीकडची केळीवाली दिसली तर तो टिकणार नाही.
मला केळीवाली दिसली नाही.
वरची कड त्याने दोन बोटांनी ताणली, सोडली.
पायाला धरावं, म्हणाला, गळा धरू नये.

जूनमध्ये कुमाऊंला जायचं आहे. सहा दिवस चालणं.
"तीन जोड्या," त्याने परस्पर ठरवलं.
एक पायात, एक दोरीवर,
एक फक्त निजायची, तिला चालायला लावू नकोस.
साडेचारशेला एक.
दहा-दहाने पंचेचाळीस दिवस,
माझ्या डोक्यात आपोआप खातं उघडलं.
तिन्हींचे मिळून एकशे पस्तीस.
कुणाच्या तरी दारात उभं राहून
इतके दिवस मागावे लागतात.
मी सुट्टे मोजून दिले, पावती मागितली,
तो हसला, पेन शोधायला लागला.

परवा संध्याकाळी नवे बूट, नवे मोजे,
जुन्याच वाटेने सराव केला.
ज्यांच्याकडे थांबायचं त्या प्रत्येक दारापाशी
पाय आपणहून मंदावले.
"पिग्मी सोडलीस ना गे? मग आता खंय?"
सुलक्षा मांद्रेकर, सत्तावीस नंबरचं खातं.
तिच्या पायरीवर बसून मी बूट काढला, मोजा काढला,
टाच वळवून पाहिली. लाली नाही.
घोट्याभोवती बारीक रेघा, त्याही मिटत आलेल्या.

सुलक्षाने मोजा उचलला, हुंगला (तिला काय सांगणार),
उलटा केला
आणि न सांगता अंगठ्याने शिवण चाचपू लागली.
"कितीक पडले?"

मी दोनशे कमी करून सांगितले.